तुकोबांची उमेद : दुष्काळ, डोंगर आणि देऊळ

(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यातील व्याख्यानाचा मजकूर)



देवळाचे काम पुरे झाले. शिखरावर कळस चढला, सभामंडपात फरशी बसली, गाभाऱ्याच्या भिंतीतून दर पावसाळ्यात झिरपणारे पाणी बंद झाले. अशा मंगल प्रसंगी देणगीदारांचे, गवंडी-सुतारांचे आणि श्रमदान करणाऱ्या तरुण मंडळींचे कौतुक करणे हा रिवाज आहे आणि तो योग्यच आहे. ते कौतुक या सोहळ्यात यथायोग्य झाले आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय याच कामाशी जुळलेला, पण थोडा निराळा आहे.

देवळाची भिंत खचली तर गवंडी बोलावता येतो, वर्गणी गोळा करता येते. माणसाचे मन खचले तर कोणाला बोलवावयाचे? लागोपाठ दोन हंगाम कोरडे गेले, विहिरीने तळ गाठला, सोसायटीचे कर्ज थकले, सातबाऱ्यावर बोजा चढला, त्यातच घरात आजारपण शिरले, म्हणजे चांगला धडधाकट माणूसही ओसरीवर बसून समोरच्या रस्त्याकडे नुसता पाहत राहतो. कोणी जाणारा-येणारा त्याला म्हणतो, "धीर धरा, सर्व ठीक होईल." शब्द चांगल्या मनाने उच्चारलेले असतात, पण लागू पडत नाहीत. कारण सर्व ठीक होईल याची खात्री बोलणाऱ्यालाही नसते, आणि ऐकणाऱ्याला ते ठाऊक असते.

मग अशा माणसाने उमेद आणावी कोठून?

या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या आयुष्याने देणारा एक पुरुष सुमारे चारशे वर्षांपूर्वी इंद्रायणीकाठी होऊन गेला. ते म्हणजे देहूचे तुकाराममहाराज. त्यांच्या चरित्रात दुष्काळ आहे, कर्जाचे कागद आहेत, डोंगरावरचे ध्यान आहे आणि एका मोडक्या देवळाचा जीर्णोद्धारही आहे. आजच्या दिवशी हे चरित्र आठवावे, याहून दुसरे औचित्य ते कोणते?

तुकोबांचा जन्म इ. स. १६०८ च्या सुमाराचा मानतात. घराणे मोरे यांचे, आडनाव आंबिले. घरात पंढरीची वारी पिढीजात. त्यांचे पूर्वज विश्वंभरबुवा यांनी देहूस विठ्ठल-रखुमाईची स्थापना केली, अशी परंपरा आहे. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरले बंधू सावजी, धाकटे कान्होबा. गावची महाजनकी घराकडे होती, पेठेत दुकान होते, शेती होती आणि सावकारीही होती. तात्पर्य, तुकोबा हे खाऊन-पिऊन सुखी अशा घरातले होते. गरिबीत वाढलेल्या माणसाला अडचणींची सवय असते. भरल्या घरात वाढलेल्याला एकाएकी घर रिते झालेले पाहणे फार जड जाते.

थोरल्या भावाचे मन संसारात नव्हते, म्हणून व्यापार-उदिमाचा भार कोवळ्या वयातच तुकोबांवर आला. तो त्यांनी नीट सांभाळला. पुढे आई-वडील निवर्तले. भावजय गेली. सावजी तीर्थयात्रेस निघून गेले. आणि अशा वेळी १६३० साली दख्खनवर तो भयंकर दुष्काळ कोसळला. १६३० ते १६३२ या काळात दख्खन आणि गुजरात या मुलखांत माणसे अन्नावाचून मेली, गावे ओस पडली, जनावरे उरली नाहीत. मोगल दरबाराच्या बखरकाराने त्याची नोंद केली आहे आणि सुरतेच्या वखारीतील परदेशी व्यापाऱ्यांनीही केली आहे.

या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली. तिचा मुलगा संतू गेला. व्यापार बुडाला, गुरे गेली, पत गेली. ज्या पेठेत महाजन म्हणून मान होता, त्याच पेठेतून मान खाली घालून चालण्याची वेळ आली. या काळात आपल्याला लोकांची लाज वाटू लागली होती, असे तुकोबांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगात स्वतः सांगितले आहे. ही लाज कशी असते ते ज्याच्या दारात कधी वसुलीचा माणूस उभा राहिला आहे त्यालाच कळेल. तुकोबा तेव्हा विशीच्या थोडेसेच पुढे होते.

श्रोतेहो, येथे क्षणभर थांबून विचार करावा. अशा प्रसंगी माणसापुढे सहसा दोन वाटा असतात. एक वाट हातपाय गाळण्याची. दुसरी वाट खोट्या आशेची. पुढच्या वर्षी भाव चढेल, कोणीतरी कर्ज देईल, आडातून धन निघेल, एखादा ज्योतिषी दिवस पालटण्याची तारीख सांगेल. या दुसऱ्या वाटेवर माणूस हसतमुख दिसतो म्हणून लोक तिला चांगली समजतात. वास्तविक पाहता दोन्ही वाटांवर माणूस घडलेल्या गोष्टीकडे पाठ फिरवीत असतो. पहिल्या वाटेवर तो म्हणतो, आता काहीच उरले नाही. दुसऱ्या वाटेवर तो म्हणतो, काहीच गेलेले नाही. आणि या दोन्ही गोष्टी खऱ्या नसतात.

आपल्या मराठी भाषेत आशा आणि उमेद असे दोन शब्द आहेत. त्यांचा अर्थ जवळचा वाटतो, पण फरक आहे. आशा दुसऱ्याच्या हातातील वस्तूवर डोळा ठेवून बसते. उमेद आपल्या हातातील कामावर उभी असते. आशा म्हणते, पाऊस येईल. उमेद म्हणते, पाऊस येवो न येवो, ताल घालून ठेवली पाहिजे, म्हणजे आलेला थेंब अडेल. संतांनी आशेला नावे ठेवली ती या पहिल्या अर्थाने. उमेदीला त्यांनी कधी नावे ठेवली नाहीत.

तुकोबांनी तिसरी वाट धरली. ते डोंगरावर जाऊन बसले.

देहूच्या आसमंतात तीन डोंगर आहेत. चाकणजवळचा भामचंद्र, ज्याला भामनाथ असेही म्हणतात. इंदोरीजवळचा भंडारा. आणि पुणे-मुंबई रस्त्यालगतचा घोरावडेश्वर. तुकोबांच्या साधनेशी या तिन्ही डोंगरांची नावे जोडलेली आहेत. या डोंगरांवर त्यांच्याही फार पूर्वी कोरलेली जुनी लेणी आहेत. म्हणजे निवांत बसू इच्छिणाऱ्यांनी ती ठिकाणे कित्येक शतके आधीच हेरून ठेवली होती. भामनाथाच्या डोंगरावर तुकोबा पंधरा दिवस ध्यानस्थ बसले होते, असे परंपरा सांगते. घरी कोणाला पत्ता नव्हता. धाकटे बंधू कान्होबा रानोमाळ शोधीत फिरले, तेव्हा ते डोंगरावर सापडले.

त्या पंधरा दिवसांत तुकोबांच्या मनात काय चालले होते ते कोणी पाहिलेले नाही. भाविक म्हणतात की त्यांना विठ्ठलाचे दर्शन झाले. ती श्रद्धेची गोष्ट आहे आणि तिचा आदर केला पाहिजे. परंतु डोंगरावरून खाली आल्यावर त्यांनी काय काय केले हे मात्र चरित्रकारांनी जपून ठेवले आहे. महिपतीबुवा ताहराबादकरांनी १७७४ साली पुरा केलेल्या भक्तलीलामृतात ते विस्ताराने आले आहे. ध्यान खरे की खोटे याची पारख ध्यानातून उठल्यानंतरच्या वागण्यावरून करावी. म्हणून आपणही त्या वागण्याकडेच पाहू.

पहिली गोष्ट कागदांची. वडिलांच्या वेळेपासूनची कर्जाची खते घरात होती. कोणाकडून किती येणे आहे ते त्या खतांवर लिहिलेले होते. तुकोबांनी ती इंद्रायणीच्या काठी मागविली आणि डोहात बुडवून टाकण्याचे ठरविले. ही कथा सर्वांना ठाऊक आहे. पण तिच्यातला एक बारकावा कीर्तनाच्या रंगात पुष्कळदा निसटून जातो. तुकोबांनी सगळी खते बुडविली नाहीत. कान्होबांपुढे त्यांनी खतांच्या दोन सारख्या वाटण्या केल्या. अर्धी खते धाकट्या भावाच्या हवाली केली, आणि फक्त आपल्या वाट्याची अर्धी नदीत सोडली. त्याग करावयाचा तो आपल्या हिश्श्याचा. दुसऱ्याच्या हिश्श्यावर उदार होण्याचा अधिकार कोणालाही नाही. भावाला बायको होती, पुढे मुलेबाळे व्हावयाची होती, त्याला व्यवहार पाहणे भाग होते. वैराग्याच्या भरातही तुकोबांना वाटणीचा हिशेब चोख ठेवता आला. जो माणूस भ्रमिष्ट होऊन डोंगरावर पळाला असेल त्याच्या हातून असे घडणार नाही. पंधरा दिवसांच्या बैठकीने त्यांचे डोके ठिकाणावर आणले होते.

आणि ती खते होती तरी कोणाची? ज्यांच्याकडून येणे होते ती माणसेही त्याच दुष्काळात होरपळलेली होती. घरात दाणा नाही अशांच्या नावावर ती रक्कम कागदावर उभी होती. सावकार ते कागद रोज उलटून पाहतो, वसुलीची स्वप्ने पाहतो, आणि ऋणको रात्री जागा राहतो. एकाच कागदाने दोन घरांची झोप जाते. तुकोबांनी आपल्या वाट्याचे कागद बुडविले तेव्हा ऋणकोंची सुटका झाली. त्याचबरोबर त्यांची स्वतःचीही सुटका झाली. न येणाऱ्या पैशाची आशा सुटली आणि हात कामाला मोकळे झाले.

दुसरी गोष्ट देवळाची. पूर्वजांचे विठ्ठलमंदिर मोडकळीस आले होते. ते नीट करावे असे मनात आले, असे तुकोबांनीच सांगून ठेवले आहे. येथे जरा काळाचे भान ठेवावे. हे केव्हाचे? भोवती दुष्काळाच्या खुणा आहेत. घरात पैसा नाही. गावात वर्गणी मागावी तर देणार कोण? शहाण्या माणसाने म्हटले असते, सुकाळ येऊ द्या, मग देवळाचे बघू. तुकोबांनी सुकाळाची वाट पाहिली नाही. स्वतः माती कालवली, दगड वाहिले आणि भिंती उभ्या केल्या, असे चरित्रकार सांगतात. पडलेला संसार सगळा एकदम उभा करणे त्यांच्या हाती नव्हते. गेलेली पत्नी आणि गेलेले मूल परत येणार नव्हते. पण एक पडकी भिंत हाताच्या अंतरावर होती. ती बांधता येत होती. त्यांनी ती बांधली.

उमेद म्हणजे काय, हे याहून सोपे करून सांगता येणार नाही. शांत बसावे, गेले ते गेले म्हणून पाहावे, उरले ते उरले म्हणून पाहावे, आणि उरलेल्यातील सर्वांत जवळचे काम हाती घ्यावे.

आता कोणी शंका घेईल की तुकोबा मुळातच संत होते. त्यांचे मन चटकन स्थिर झाले असेल. सामान्य संसारी माणसाला ते कसे साधावे? या शंकेचे उत्तर तुकोबांनी स्वतः देऊन ठेवले आहे, आणि ते फार धीर देणारे आहे. सुरुवातीला आपण एकादशीला कीर्तनास उभे राहत होतो, पण अभ्यासात चित्त लागलेले नव्हते, अशी कबुली त्यांनी दिली आहे. म्हणजे चित्त लागल्यावर ते बसले नाहीत. बसता बसता चित्त लागत गेले. त्यासाठी त्यांनी पूर्वीच्या संतांची काही वचने आदराने पाठ केली. दुसरे कोणी गात असता त्याच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. महाजनाच्या घरातला माणूस टाळकऱ्यांच्या रांगेत मागे उभा राहिला. पुढे माघ शुद्ध दशमीस, गुरुवारी, बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात येऊन राम कृष्ण हरि हा मंत्र दिला, असेही त्यांनी सांगितले आहे. तीन नावांचा मंत्र. त्यात न कळण्यासारखे काही नाही आणि त्याला खर्चही नाही.

भंडाऱ्याच्या डोंगरावर ते दिवस दिवस नामस्मरणात घालवीत. हे व्रत महिन्या-दोन महिन्यांचे नव्हते, उरलेल्या आयुष्याचे होते. शेतकरी माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आंब्याची कोय लावून दुसऱ्या दिवशी माती उकरून पाहणारा खुळा ठरतो. मनाच्या बाबतीत मात्र पुष्कळजण हाच खुळेपणा करतात. चार दिवस डोळे मिटून बसतात, पाचव्या दिवशी म्हणतात, काही फरक नाही.

आणखी एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. ध्यान करणाऱ्याला पुन्हा कधी निराशा येत नाही, असे पुष्कळांना वाटते. १९५० साली त्या वेळच्या मुंबई सरकारने तुकोबांची गाथा प्रसिद्ध केली. तीत चार हजारांहून अधिक अभंग आहेत. ती कोणीही उघडून पाहावी. आनंदाचे अभंग आहेत तसेच व्याकूळ होऊन रडल्याचे अभंग आहेत. विठ्ठलाशी भांडणारे, त्याला कठोर शब्दांनी खडसावणारे अभंग आहेत. स्वतःच्या मनातील दोष नावानिशी मोजणारे अभंग आहेत. त्यांच्या वह्या इंद्रायणीत बुडविण्याचा प्रसंग आला तेव्हा ते तेरा दिवस अन्नपाणी सोडून नदीकाठी बसून राहिले, अशी कथा आहे. खते त्यांनी आपखुशीने बुडविली होती, वह्या मात्र बळाने बुडवाव्या लागल्या. दुसरे बुडणे सोसताना त्यांचा जीव कासावीस झाला. म्हणजे दुःख होणे थांबले नव्हते. फरक एवढाच पडला होता की दुःख झाले की बसावयाची जागा त्यांना ठाऊक झाली होती.

वह्या पाण्यातून कोरड्या निघाल्या अशी भाविकांची श्रद्धा आहे. लोकांच्या मुखी असलेले अभंग नदीला बुडविता आले नाहीत, असेही विचारवंत म्हणतात. कसेही पाहिले तरी शेवट एकच आहे. अभंग राहिले. चाकणचे संताजी जगनाडे यांनी ते लिहून जपले. शिऊरच्या बहिणाबाईंनी त्यांना गुरू मानले. १६८५ साली त्यांचे पुत्र नारायणमहाराज यांनी पालखी सोहळा सुरू केला, तो आजही दर आषाढीला देहूहून पंढरीस जातो. दुष्काळात दिवाळे निघालेल्या एका दुकानदाराच्या डोंगरावरील बैठकीतून हे एवढे उभे राहिले.

या कथेत आणखी एका व्यक्तीचे ऋण मान्य केले पाहिजे. ती म्हणजे तुकोबांची दुसरी पत्नी जिजाई. हिला आवली असेही म्हणतात. कीर्तनात तिला कजाग म्हणून रंगविण्याची वाईट खोड पडली आहे. पण तीच जिजाई पतीचा शोध घेत, भाकरी बांधून, उन्हातान्हात डोंगर चढत असे, असेही तीच परंपरा सांगते. मुलांना पोटाशी धरून तिने घर चालविले. तिची तोंडपाटीलकी दिसते, तिच्या पायातील काटा दिसत नाही. ध्यानाला बसणाऱ्याने आपली भाकरी कोण आणून देतो हे विसरू नये. घरात कामाचा ढीग पडला असता ध्यानाच्या नावाखाली देवळात तासन् तास बसणे ही साधना नव्हे, ती पळवाट आहे. तुकोबा डोंगरावरून उतरून दगड-माती वाहत होते, हे लक्षात ठेवावे.

आता संसारी माणसाने करावयाचे काय, ते थोडक्यात पाहू. यात गुप्त असे काही नाही. दिवेलागणीनंतर, जेवणाआधी, पंधरा मिनिटे ठरवावीत. देवळात यावे किंवा घरातल्या कोपऱ्यात बसावे. पाठीचा कणा ताठ, पण अंग सैल. मांडी दुखत असेल तर खांबाला टेकावे, म्हाताऱ्यांनी खुर्चीवर बसावे. डोळे मिटावेत. श्वास येतो आणि जातो, तिकडे लक्ष द्यावे, आणि त्याच्याबरोबर मनात नाम घ्यावे. ज्याला जे दैवत प्रिय त्याचे नाम. नाम नको असेल त्याने नुसता श्वास पाहावा.

पहिल्या दिवशी काय होईल? मन बँकेच्या हप्त्याकडे धावेल. मुलीच्या लग्नाकडे धावेल. बांधावरून भावकीशी झालेल्या भांडणाकडे धावेल, आणि त्या दिवशी सुचले नाही ते चोख उत्तर आता सुचेल. धावू द्यावे. लक्षात आले की त्याला रागे न भरता परत नामावर आणावे. चुकार वासरू जसे हाताने वळवून गोठ्यात आणतो तसे. पंधरा मिनिटांत पन्नास वेळा आणावे लागले तरी चिंता नाही. ते आणणे हाच अभ्यास आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात हा अभ्यासाचा विषय आला आहे. चंचल मन अभ्यासाने आणि वैराग्याने आवरते, हे गीतेचे सांगणे माऊलींनी तेथे मराठीत समजावून दिले आहे.

काही दिवसांनी दिसू लागेल की भीतीच्या मुळाशी काही ठराविक गोष्टी आहेत. अंधारात पडलेली दोरी साप वाटते, दिवा आणला की ती दोरीच दिसते. क्वचित दिवा आणल्यावर तो खरोखर सापच निघतो. पण तेव्हाही तो कोठे आहे, केवढा आहे आणि दार कोणत्या बाजूला आहे ते दिसते. बैठकीतून उठताना एकच प्रश्न स्वतःला विचारावा. उद्या सकाळी हातून होण्यासारखे सर्वांत जवळचे काम कोणते? सोसायटीत जाऊन हप्ते पाडून मिळतील का ते विचारणे असेल. पीकविम्याचा अर्ज भरणे असेल. बायकोला कर्जाचा खरा आकडा सांगणे असेल, आणि हे शेवटचे काम पुष्कळांना सर्वांत अवघड वाटते. ते एक काम दुसऱ्या दिवशी करावे. रोज एक.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी कळत्या वयात पाहिला ती मंडळी आज सत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. त्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली, पाझर तलावाची माती वाहिली, सुकडी आणि तांबडी मिलो खाऊन दिवस काढले. त्या वेळी हाताला काम मिळाले म्हणून माणसे तगली. त्याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली महाराष्ट्राने केला. हे सांगण्याचे कारण असे की दुष्काळ ही नुसती मनाची गोष्ट नाही. भुकेल्याला ध्यान शिकवू नये, आधी भाकरी द्यावी. सरकारने, समाजाने आणि भावकीने आपापले कर्तव्य केलेच पाहिजे. ध्यानाने पाऊस पडत नाही, कर्ज फिटत नाही. पण मिळालेली मदत घेण्यासाठी, मिळाली नाही तर मागण्यासाठी आणि स्वतःचा वाटा उचलण्यासाठी जो माणूस ताठ उभा राहावा लागतो, तो ध्यानाने उभा राहतो.

आणि एक गोष्ट कोणीही संकोच न धरता ऐकावी. मन खचण्याचीही एक हद्द असते. एखादा माणूस कित्येक रात्री झोपत नाही, जेवण टाकतो, कोणाशी बोलत नाही, आपण नसलेले बरे असे बोलू लागतो, तर त्याला ध्यानाचा उपदेश करीत बसू नये. त्याला एकटे सोडू नये. घरातील फवारणीचे औषध कुलपात ठेवावे आणि त्याला डॉक्टरांकडे न्यावे. ताप आल्यावर दवाखान्यात जाण्यात लाज नाही, तशी यातही नाही. सरकारची टेलि-मानस नावाची दूरध्वनी सेवा आहे, तिचा क्रमांक १४४१६ आहे, त्यावर पैसे न देता बोलता येते. हा आकडा देवळाच्या फळ्यावर एकादशीच्या तारखेखाली लिहून ठेवला, तर त्याने देवाचा मान कमी होणार नाही. कान्होबा रानोमाळ शोधीत फिरले नसते, तर तुकोबा डोंगरावरून केव्हा उतरले असते कोण जाणे! प्रत्येक घरात, प्रत्येक आळीत असा एखादा कान्होबा असला पाहिजे, ज्याच्या लक्षात येईल की अमुक माणूस चार दिवस दिसला नाही, आणि जो त्याला शोधावयास निघेल.

असो. विषय मोठा आहे आणि वेळ थोडा आहे.

देऊळ नवे झाले आहे. आता त्याचा उपयोग कसा करावयाचा हे गावाने ठरवावयाचे आहे. सप्ताह होतील, भजने होतील, लग्नाची वऱ्हाडे दर्शनाला येतील, ते सर्व झालेच पाहिजे. त्याच्या जोडीला एवढे व्हावे, की रोज तिन्हीसांजेला अर्धा तास ध्वनिक्षेपक बंद असावा. त्या वेळी देवळात येऊन कोणीही निमूट बसावे. कोणी कोणाला विचारू नये की बाबा रे, आज इकडे कसा. ज्याचे पीक गेले तो बसेल, जिचा मुलगा शहरात कामाच्या शोधात आहे ती बसेल, परीक्षेत नापास झालेला पोरगा बसेल. विठुरायापुढे सर्वांना जागा आहे.

तुकोबांनी देवळाची भिंत बांधली, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या घराची भिंत पडलेलीच होती. तरी ते मातीचा गारा कालवीत राहिले. या देवळाच्या पायरीवर बसणाऱ्या प्रत्येकाला उठताना तसा एक दगड, एक काम, हाती घेण्याचे बळ मिळो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

राम कृष्ण हरि.